‘लुसीमाय’ची नोंद

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

मला लिहायला सांगितलं! मला!

मी काम करते ते दुकान बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं. अकरा वर्षांची विक्री कॉम्प्युटरमध्ये आहे. आता मच्छीमारांना मोबाइलवर उत्तरं एआय एजंट देणार. ‘मागच्या वेळी कुठला पंप नेला?’ विचारलं की तो विक्रीत शोधणार. पण शोधायचं कसं, ते त्याला पानभर लिहून द्यावं लागतं. दर वेळी शोधायच्या आधी तो ते पान वाचतो म्हणे. शेठची मुलगी जागृती म्हणाली, “मावशी, समजा नवीन माणूस लागलाय. वाचतो खूप, पण बंदर बघितलेलं नाही. उदाहरणं द्या हं, त्याशिवाय त्याला कळत नाही.”

मी शाळा बघितली नाही. लग्नानंतर बोटींवर रंगवलेली नावं बघून अक्षरं जुळवली. पहिला शब्द आमच्याच बोटीचा — लुसीमाय. सासूबाईंचं नाव. नवरा, फ्रेडरिक, म्हणाला होता, “झालं! आता तुझ्यापासून लपवायचं कसं?”

२९ ऑक्टोबर

पान लिहून दिलं. ‘माणसाच्या नावाने शोधू नकोस. एका आळीत सॅन्टन नावाचे तिघे असतात. बोटीचं नाव विचार. नाव जुळलं की नोंद सांग. फार प्रश्न विचारू नकोस, गिऱ्हाईक चिडतं. सापडलं नाही तर “तुम्ही घेतलंच नव्हतं” असं म्हणू नकोस — जुनं सगळं वह्यांत आहे.’

जागृती खूश. “मी लिहिलं असतं तर बिचाऱ्याने पहिल्याच दिवशी शिव्या खाल्ल्या असत्या!”

मला मात्र घर उघडं टाकून आल्यासारखं वाटतंय.

३० ऑक्टोबर

काहीतरी राहिलंय. झोप नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. फ्रेडरिकच्या कबरीवर झेंडू, चार मेणबत्त्या. तीन वर्षं झाली. वारा होता, एक सारखी विझत होती. आज दुकान जागृतीने उघडलं.

कबरस्थानात धाकटे दीर भेटले, प्लासिड. “वैनी, ॲल्रॉय दुपारी निगतो. पाच दिसांनी येल.” ॲल्रॉय त्यांचा मुलगा. मी विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवली.

फ्रेडरिक गेल्यावर आमची बोट मोडीत काढली. गेल्या वर्षी प्लासिडनी नवी बांधली, तेव्हा विचारायला आले होते. “आयचं नाव पान्यावर राह्यला पायजे, वैनी.” इथे तशीच रीत आहे. बोट जाते, नाव पुढच्या बोटीला देतात. मी हो म्हटलं. नारळ फोडायला मात्र गेले नाही.

३ नोव्हेंबर

देवा!

जागृती कालचे संवाद दाखवत होती. ॲल्रॉयने सकाळी लिहिलंय — लुसीमायसाठी इम्पेलर द्या, जास्तीचा. म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चाक. एजंटने नाव शोधलं, पहिली नोंद मिळाली, तीच सांगितली. २०१९ची. दोन सिलिंडर. फ्रेडरिकने नेलेलं ते! नव्या बोटीला सहा सिलिंडरचं इंजिन आहे. जागृतीने एजंटच्या चिठ्ठीप्रमाणे डबी बांधून दिली.

नाव जुळलं, त्याने पुढे विचारलं नाही. मी लिहिलं तस्संच केलं त्याने.

जास्तीचा भाग डबीतच राहतो. पहिला फाटेपर्यंत उघडतंय कोण? आणि फाटला तर इंजिन तापणार, भर समुद्रात. बोटीवर सहा जण.

ॲल्रॉयचा फोन बंद. प्लासिडना सांगितलं. ते वायरलेसवर बसलेत.

४ नोव्हेंबर

काही कळलं नाही. वायरलेसला उत्तर नाही. अर्नाळ्याहून निघालेल्या दोन बोटींना निरोप दिलाय.

प्लासिड दुकानात आले, कॉम्प्युटरला हात दाखवून ओरडले, “या डबड्याला काय कलतंय बोटीचं? याला लिवून दिला कोनी?”

“मी.”

ते स्टुलावर बसले. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

५ नोव्हेंबर

जागृती म्हणाली, “मावशी, विसरलात. होतं असं.” मी मान हलवली.

विसरले नव्हते. त्या बुधवारी पेन तिथेच थांबलं होतं. ‘एका नावाच्या दोन बोटी असू शकतात’ असं लिहायचं तर उदाहरण द्यायला हवं. माझ्याकडे उदाहरण एकच होतं.

मी पुढची ओळ लिहिली.

६ नोव्हेंबर

आले! सगळे आले!

तिसऱ्या दिवशी चाक फाटलं. इंजिन वेळेत बंद केलं म्हणून वाचले. रात्रभर वाहत गेले. निरोप मिळालेल्या बोटीने शोधून ओढून आणलं. बर्फ वितळलं, मासळी फेकावी लागली.

ॲल्रॉयने डबी माझ्या हातात दिली. “काकी, हे काय बाटलीचं बूच दिलं तुमच्या मशीननं?” हसला. ओठ उन्हाने फुटलेले. मला हसता आलं नाही. सांगून टाकलं — मशीनने नाही रे, मी.

प्लासिडनी जाताना पाणी मागितलं.

७ नोव्हेंबर

पान दुरुस्त केलं. ‘नाव जुळलं तरी थांब. इथे बोट मोडली की तिचं नाव नव्या बोटीला देतात. कोणती ते विचार. गिऱ्हाईक चिडलं तरी विचार. उदाहरण: लुसीमाय. जुनी — मालक फ्रेडरिक, वारले, बोट मोडली. नवी — मालक प्लासिड.’

चार ओळींना दुपार गेली. फ्रेडरिकच्या नावापुढचा शब्द तर दोनदा खोडला.

८ नोव्हेंबर

जागृती म्हणाली, तपासून बघा. माझ्या मोबाइलवरून लिहिलं — लुसीमाय.

लगेच उत्तर आलं. ‘कोणती? जुनी की नवी?’

मी लिहिलं — नवी.