त्रेचाळीस वेळा ‘जीर्ण’

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, सरकारी शाळेतून निवृत्त झालेली ग्रंथपाल, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. भरीस मी आयुष्यात एकदाच पडले, ते कलम चारमध्ये येईल. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा जिना, धाकट्या बहिणीला. विनाअट. तिच्याशी मी अकरा वर्षे बोलले नाही. भाचीच्या लग्नात बोलले, तेही “सरक जरा” एवढेच. राग अजून आहे, पण घर रागाच्या नावावर करता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. जिन्याची तिसरी पायरी हलते. बहिणीला आठवण करून द्यावी, ती खाली बघून चालत नाही.

२. पुस्तकबांधणीचे सामान, दाभण, मेणाचा दोरा आणि लाकडी शिकंजा, कोपऱ्यावरच्या बाइंडरला. शिकंजा त्याने “दोनच दिवस, बाई” म्हणून दोनदा नेला आणि दोन्ही वेळा मला जाऊन आणावा लागला. आता ठेवून घ्यावा.

३. माजी मुख्याध्यापकांना काही नाही. निरोप समारंभात त्यांनी मला दिलेले भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या घरी पोचते करावे. घड्याळ उत्तम चालते. तक्रार घड्याळाबद्दल नाही.

४. हे कलम मालमत्तेचे नाही. “मग मृत्युपत्रात कशाला, बाई?” असे वकीलबाईंनी विचारले. मी गेल्यावर कोणाला तरी वाचावाच लागेल असा माझा हा एकच कागद आहे, म्हणून.

तेवीस वर्षांपूर्वी शाळेत वरून आदेश आला. सोबत त्रेचाळीस पुस्तकांची यादी होती. सगळी मुलांची. काळ्या रंगाच्या माणसांना जहाजांतून या शहरात आणून कसे विकले, पुढे त्यांच्या मुलांना कोणत्या दारांतून आत येऊ दिले नाही, हे त्यांत चित्रांसह सांगितले होते. ही पुस्तके काढून टाकावीत, एवढेच आदेशात होते. का, ते नव्हते.

पुस्तक काढून टाकले की त्याची नोंद निर्लेखन वहीत होते. तिथे कारणाचा रकाना मोकळा सोडता येत नाही. नियमाने कारणे तीनच: हरवले, वाळवी लागली, जीर्ण.

मुख्याध्यापक म्हणाले, “जीर्ण लिहा ना बाई. जीर्णला कोण विचारतंय?”

“सर, यातली अकरा गेल्या महिन्यात आली आहेत. खळसुद्धा वाळली नाही.”

“मग तब्येतीनं नाजूक होती म्हणायचं.”

लिपिक हसला. मी लिहिले. त्रेचाळीस वेळा, दर वेळी पूर्ण शब्द. वरच्याप्रमाणे अशी खूण केली नाही, कारण त्या वहीत ती चालत नाही. मग पट्टी लावून प्रत्येक पुस्तकाचे नाव आणि शाळेचा शिक्का असलेले पान फाडले. बाकीचे रद्दीवाल्याने तराजूवर घातले. दुपारी मी डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी आली. तिला सगळे ‘अजून-एक’ म्हणत, कारण पुस्तक परत करताना ती तेवढेच बोले. तिच्या खापरपणजोबांना जहाजातूनच आणले होते. जहाजाच्या पुस्तकाचा दुसरा भाग तिला हवा होता.

“जीर्ण झाला,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“जुना. फाटला.”

“पण बाई, सोमवारी मीच त्याला कव्हर घातलं.”

“जीर्ण झाला म्हटलं ना. जा वर्गात.”

ती गेली. पुन्हा ग्रंथालयात आली नाही.

यादी सुरू झाली ती माझ्या बहिणीच्या तक्रारीवरून. एका पुस्तकात, पान एकोणतीसवर, माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या पेढ्यांची नावे होती. त्यांत आमच्या आजोळचे नाव होते. भाची अजून-एकच्याच वर्गात होती. ते वाचून ती घरी रडली आणि बहिणीने कागद पुढे ओढला.

निवृत्तीनंतर नोंद दुरुस्त करावी म्हणून मी तीन अर्ज केले. उत्तर एकच आले: नोंद ज्याने केली त्यानेच, आणि सेवेत असतानाच, ती दुरुस्त करता येते. सबब येथे जाहीर करते की ती पुस्तके जीर्ण नव्हती. नोंद खोटी आहे. अक्षर माझे आहे.

५. फाडलेली त्रेचाळीस पाने वहीला जोडायची असतात. मी जोडली नाहीत. ती माझ्या कपाटात आहेत. ही चोरी आहे, तशीच लिहून घ्यावी. त्या पानांवरून माझ्या ठेवीतून तीच पुस्तके पुन्हा विकत घ्यावीत. उरेल ते भाचीला.

आधीच्या मृत्युपत्रात ही पुस्तके अजून-एकला होती. ती आता शहर बस चालवते. सांगायला मी आगारात गेले. चहाचा ग्लास हातात घेऊन ती बाकावर बसली होती. मला बघून म्हणाली, “या बाई. आज काय जीर्ण झालं?”

“मी.”

तिने सरकून जागा दिली. मी सगळे सांगितले. ती म्हणाली, “मला कशाला, बाई? आमच्याकडे ही गोष्ट जेवताना सांगतात. आधी आजी सांगायची, आता आई. पोरगी कंटाळते ऐकून. ज्यांच्या घरी कोणी सांगत नाही, तिकडे द्या.”

गाडीची वेळ झाली म्हणून ती उठली. मी माफी मागायला गेले होते. ती मागायची राहिली.

६. तिचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून ही पुस्तके बहिणीच्या नातीला, म्हणजे भाचीच्या मुलीला, वय वर्षे नऊ. बाहेरच्या खोलीत, तिचा हात पोचेल अशा फळीवर ठेवावीत. कुलूप लावू नये.

हे बहिणीला काल बोलावून वाचून दाखवले. बराच वेळ ती टेबलावरचा कपडा सरळ करत बसली. मग म्हणाली, “ताई, पोरगी रडली तर?”

“रडेल.”

“आणि मला विचारलं तर?”

“तेव्हा उठून आत जायचं नाही. तिच्याजवळ बसायचं.”

कपाटात माझे बारा सुती रुमाल आहेत, धुतलेले. तेही त्या नातीलाच दिले आहेत.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही.

सही: लिहून देणार, निवृत्त ग्रंथपाल

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळत नाही.
साक्षीदार १: (सही) समोर राहणाऱ्या शिंपीणबाई
साक्षीदार २: (सही) दाखला देणारे डॉक्टर

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: ४ एप्रिल, सकाळी साडेदहा