लाल रेघ कुठे मारायची

प्रिय वकीलबाई,

तीन वर्षांपूर्वी तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं, ते उत्तरच नव्हतं. आज पुन्हा लिहितोय. फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड.

निवृत्त झालो तरी खोड जात नाही. शनिवारी वाचनालयात मुलांना तेच शिकवतो: पटवून देणाऱ्या लेखात मुख्य म्हणण्याखाली लाल रेघ, त्याला आधार देणाऱ्या कारणांखाली निळी. परवा एका आगाऊ मुलीने विचारलं, मुख्य म्हणणं लिहिलेलंच नसेल तर? मी ऐटीत सांगितलं, सगळी कारणं कुठे बोट दाखवतात ते बघ. आणि तिथेच, फळ्यासमोर, तुझं पत्र आठवलं. पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेलो.

मूळ मुद्दा सरळ सांगायचा तुझा स्वभावच नाही. आठ वर्षांची असताना पोहायला न जाण्याची पाच कारणं दिली होतीस. पाणी गार, टोपी घट्ट, डोळे चुरचुरतात, असलं काहीबाही; तेव्हापासूनच तू माझी वकीलबाई. भीती वाटते हे त्यात कुठेच नव्हतं. तरी मला चटकन कळलं आणि तुझा हात धरून, पोट आत ओढून, मीच पाण्यात उतरलो.

त्या पत्रात चार कारणं होती. आईचे गुडघे दुखतात. तिकडे बदली मिळेल. इथली हवा मानवत नाही. माझी खोली रिकामीच आहे. मी पडलो मास्तर, एकेक खोडत गेलो. गुडघे बरे आहेत, बदलीत बढती हुकेल, हवेची सवय होईल, खोलीत माझी पुस्तकं आहेत. अख्ख्या पत्रात जावईबापूंचा उल्लेख नाही, हे दिसलंच नाही. बाबा, मला घरी न्या, एवढंच तू म्हणत होतीस. तुझी एक ओळ आली, तुमचं बरोबर आहे. ती वाचून मी खूश झालो होतो गं.

काल तुझी नर्स मैत्रीण येऊन गेली. ते पत्र तू तिच्या वॉर्डात, उजवा हात प्लास्टरमध्ये असताना, डाव्या हाताने लिहिलंस. आणि मी उत्तराच्या शेवटी अक्षर सुधार म्हणून बजावलं होतं. नवऱ्याचं घर सोडून तू दोन वर्षं एकटी राहतेस आणि विचारणाऱ्यांना ‘मला माहेर नाही’ असं सांगतेस, हेही तिच्याकडूनच कळलं. आई कालपासून जेवलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं तुझ्या ऑफिसच्या फाटकासमोर उभे राहू. हाक मारणार नाही. नको असेन तर समोरून निघून जा, मी समजेन.

अजूनही तुझाच,
बाबा