बारावा गडी

२१ सप्टेंबर १९५८, रविवार

आजही झेंडाच! अकरा जण मैदानात आणि आमचे हे कडेला, कोट घालून, हातात फडकं बांधलेली काठी. चेंडू रेषेबाहेर गेला की काठी वर करायची. संपलं काम! जर्मनीतल्या या सगळ्यात खालच्या फुटबॉल लीगमध्ये पंच एकटाच येतो, कडेला उभी राहायची माणसं ज्या त्या क्लबनं आपली द्यायची. आमच्या गावानं यांना दिलं.

मध्येच कुणाला बदलून आत घेत नाहीत. एखाद्याचा पाय मोडला तर दहा जण खेळतील, पण बारावा तो बारावाच. जर्स्यासुद्धा अकराच आहेत म्हणे.

यांना विचारलं, "ट्रेनर काय म्हणाला?" "पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला." गेल्या आठवड्यातही हेच! हा ट्रेनर म्हणजे खालच्या मजल्यावरचा कापलर, आमचा घरमालक. जिन्यात भेटला की टोपी काढतो, गोड हसतो, आणि रविवारी माझ्या नवऱ्याला खांबासारखा उभा करतो.

५ ऑक्टोबर

कहर झाला. आज घरमालकीण फ्राउ कापलर वर आल्या, हातात हे भलंमोठं पोतं. जर्स्या! दर आठवड्याला एका घरानं धुवायच्या, अशी इथली पद्धत. या वेळी आमची पाळी. म्हटलं, बाई, माझा नवरा खेळतच नाही. तर म्हणतात कशा, "हो, हो, पण संघात आहे ना!"

म्हणजे अंगात घालायला जर्सी नाही आणि धुवायला अकरा! दिवसभर तळघरातल्या हंड्यापाशी चिखल खरवडत बसले. पुण्याहून निघताना आईनं सोळा साड्या दिल्या होत्या. त्यातली एक आज कामाला आली, पोतेऱ्यासारखी.

संध्याकाळी यांच्यावर तोंडसुख घेतलं. हे हसत होते. म्हणाले, सात नंबरची नीट धू, ती एक दिवस माझी होणार आहे. मग मला हसू आलं.

सात नंबर म्हणजे उजव्या कडेनं धावणारा. पुण्यात हे तिथेच खेळायचे. दादानं स्थळ दाखवायला म्हणून मॅचलाच नेलं होतं मला. मी कुंपणाशी वसुधा लिमये म्हणून उभी होते, आणि हे चेंडू घेऊन असे सुसाट गेले, की मी घरी येऊन पत्रिका वगैरे न विचारता हो म्हटलं. आईला अजून वाटतं, इंजिनियर आहे म्हणून हो म्हटलं!

तेच मला इथे एकदा बघायचंय. एकदाच. या गावाला दाखवायचंय, की कोट घालून उभा असतो तो कोण आहे.

१९ ऑक्टोबर

झेंडा. पाऊस. हरलो. बरं झालं.

१६ नोव्हेंबर

आज होणारच होतं! सात नंबरचा हाइन्त्स आलाच नाही. आदल्या दिवशी बहिणीचं लग्न, बिअर ढोसून पडला असणार. यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या. मी हात जोडून उभी — देवा, त्याला जरा झोपू दे! सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला आणि कोणीतरी मोटरसायकलवरून त्याला घेऊन आलं. डोकं पाण्यानं ओलं, डोळे लाल. आणि कापलरनं त्या झिंगलेल्याला घेतलं!

घरी येताना मी इतकी बडबडले की ट्राममधल्या बायका वळून बघायला लागल्या. हे उतरताना पायरी चुकून धडपडले. म्हटलं, लक्ष कुठे असतं हो तुमचं?

७ डिसेंबर

यांचं काहीतरी बिनसलंय. पूर्वी चिडायचे तरी. आज म्हणाले, "राहू दे गं. झेंडा बरा आहे."

बरा आहे? मला इतका संताप आला! अपमान पचला की माणूस असंच बोलायला लागतो. सायकलही विकून टाकली, म्हणे बर्फात घसरते. सगळं गाव सायकलवर बसतं, यांचीच तेवढी घसरते! वर आज दुधाचं भांडं पाडलं. अख्खं. मी पुसलं. पुसताना भांडं आपटलं.

१८ जानेवारी १९५९

हिवाळ्याची सुट्टी आहे, सामने बंद. वाटलं होतं, आता तरी यांचा डॉक्टरेटचा प्रबंध पुढे सरकेल. कसलं काय!

कार्ल्सरूहेहून श्यामकांत आले होते जेवायला. यांच्याच प्रयोगशाळेत आहेत. पिठलं दोनदा घेतलं बिचाऱ्यांनी. हे हात धुवायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "वहिनी, याला जरा बोला. मायक्रोस्कोपची मोजमापं पुन्हा चुकली. प्रोफेसर नाराज आहेत." म्हणजे आठवडाभर तिथे चुका आणि रविवारी इथे काठी! श्यामकांत गेल्यावर मी विचारलं. "होईल गं," एवढंच. या "होईल"वर दोन वर्षं काढली मी या देशात.

८ मार्च

पुन्हा सुरू. झेंडा. जिंकलो.

२२ मार्च

जिंकलो. जर्स्यांची पाळी पुन्हा आमची. आता मला चिखलावरून कळतं कोण पडलं आणि कोण नुसताच उभा होता. पाच नंबर आळशी आहे. हे मी फ्राउ कापलरना सांगितलं तर त्या एवढ्या हसल्या! "हे माझ्या नवऱ्याला सांगा," म्हणतात. सांगेन की. तुमच्या नवऱ्याला सांगायचं माझ्याकडे पुष्कळ साठलंय.

३ मे

बाई गं! आम्ही वर जायला आलो! पुढचा शेवटचा सामना मोर्शबाखशी. जिंकलो तर आम्ही वरच्या लीगमध्ये, बरोबरी झाली तर तेच जाणार. गावात दुसरं बोलणं नाही. पाववाली मला म्हणाली, "तुमचे मिस्टरही आपलेच!" म्हटलं, मग एकदा खेळवा की त्यांना. ती नुसती हसली. मी हसले नाही.

यांना म्हटलं, शेवटचा सामना आहे, आज जाऊन स्पष्ट विचारा. जाऊन आले. "नाही म्हणाला," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. वाईट वाटलं मला त्यांचं, आणि त्याहून जास्त राग आला.

१० मे, रविवार



एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची मिनिटं. हाइन्त्स चेंडू घेऊन यांच्याच रेषेवरून धावत आला. मी यांच्या मागे चार हातांवर. त्यानं चेंडू आत मारला, आमच्या नऊ नंबरनं डोकं लावलं, गोल! लोक टोप्या उडवायला लागले. फ्राउ कापलरनी मला मिठी मारली. आणि पंचानं वळून पाहिलं तर यांची काठी वर! म्हणे चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता.

गोल रद्द. एक-एक. मोर्शबाख वर गेलं.

लोक काय काय ओरडले! "आंधळा आहेस का रे!" आणि बरंच. मी त्यांच्यापुढे उभी राहून ओरडले, "बाहेर होता! मी पाहिला! क्लार, अगदी स्पष्ट बाहेर होता!" माझं जर्मन आज पहिल्यांदा अडखळलं नाही.

इथे खरं लिहिते. चेंडू आत होता. रेषेवर पडला, चुना उडाला. मी पाहिला चुना.

११ मे

कोणी बोलत नाही. पाववालीनं पाव दिला, सुटे दिले, मान दुसरीकडे. खालून पोतं आलं नाही. पाळी आमचीच होती.

१३ मे

आज मी ते बोलले. बोलायला नको होतं, पण तीन दिवस कोंडून ठेवलेलं. म्हटलं, "तुम्ही सूड उगवलात. वर्षभर त्यांनी तुम्हाला उभं केलं, म्हणून शेवटी काठी वर केलीत. चुना उडाला अहो! मी पाहिलाय!"

ते इतके पांढरे पडले! म्हणाले, "मला बाहेर दिसला, वसुधा." मग विचारलं, "चुना उडाला?"

कसला साळसूदपणा! मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

१४ मे

गेले शेवटी खाली. म्हटलं, निदान अर्धा दोष तरी ज्याचा आहे त्याच्या पदरात घालावा. कापलर बाकावर बसून बुटांना तेल लावत होता. मी बसलेसुद्धा नाही. "हेर कापलर, तुम्ही वर्षभर माझ्या नवऱ्याला नोकरासारखं उभं केलंत. एक दिवस खेळवलं नाहीत. मग तो चिडला तर तक्रार कशाला करता?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. "फ्राउ पाध्ये, काय बोलताय? मी त्याला विचारलंय. नाताळच्या आधी विचारलं. फेब्रुवारीत फाशिंगच्या सणाला विचारलं. परवाच्या सामन्याला तर हाइन्त्सला बसवून याला घेणार होतो. इतका चांगला उजव्या कडेचा खेळाडू आमच्याकडे लढाईच्या आधीपासून नाही. दर वेळी तोच नाही म्हणाला. मग मी काय करू? म्हणाला, मला झेंडा द्या, पण संघातून काढू नका."

मी म्हटलं, खोटं! फ्राउ कापलर आतून आल्या. म्हणाल्या, खरं आहे.

तशीच वर आले. हे अजून घरी नाहीत. येऊ देत. आज मी ऐकणार नाही. वर्षभर मला कुंपणाशी उभी करून ठेवली, खोटं सांगून!

१५ मे

यांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही. नोव्हेंबरपासून कडेनं पडदा आल्यासारखं होत होतं. आता काहीच नाही. इन्स्टिट्यूटला कळलं तर शिष्यवृत्ती जाईल म्हणून गप्प. मला कळलं तर मी घाबरेन म्हणून गप्प. "एका डोळ्यानं रेषेवरचा कुठला, बाहेरचा कुठला, कळतच नाही गं. मला खरंच बाहेर दिसला."

माझा विश्वास बसेना. खिडकीपाशी नेलं, त्यांचा डावा डोळा माझ्या तळहातानं झाकला आणि अगदी समोर उभी राहिले. एवढं ऊन होतं. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे, कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वसुधा, बोल ना काहीतरी."