नमुना पसंत

कार्तिक वद्य २, संवत १८७६. मुंबई बंदर.

अखेर जहाजावर चढलो. कच्छातल्या मांडवीच्या कापूसवखारीत गिऱ्हाइकांना नमुने दाखवण्यात जन्म चालला होता. आता ‘रहमानी’वर कोठारी झालोय. इराणी आखातातल्या चाच्यांवर आरमार निघालंय आणि सामान वाहायला कंपनी सरकारनं आमच्या शेठचं जहाज भाड्यानं घेतलंय. एरवी कापूस असायचा, आता तांदूळ, तोफांची दारू आणि गोरे शिपाई. धाकटा भाऊ वेलजी याच जहाजावर शिडं शिवतो. मांडवी सोडताना आईनं बजावलं, की याला नेतोयस तसा परत आण. वेलजी हसला, की मोटाभाईलाच सांभाळावं लागेल, त्याला धक्क्यावर उभ्या उभ्या उलट्या होतात. खोटं नाही ते.

मार्गशीर्ष शुद्ध ८

समोर मुसंदमचे काळे कडे. इथून आखातात शिरणारं प्रत्येक जहाज हातभर लांबीची होडी पाण्यात सोडतं. तीत आपल्या मालाचा चिमूट चिमूट नमुना घालायचा. होडी कड्याला लागली की वाट सुखाची. खलाशांचा मुकादम ओसमाण सरंग, त्यानं हे काम माझ्या गळ्यात घातलं. मी तांदूळ घातले, दारू घातली. तो म्हणाला, की अरे कोठारी, शिपायांचंही भाडं घेतलंय, म्हणजे तेही मालच. कुणाचे तरी दोन केस घाल, लबाडी नको. आता गोऱ्या शिपायापुढे कात्री घेऊन कोण जाणार? लाथच बसली असती. वेलजी शिडाच्या सावलीत घोरत होता. त्याचीच बट कापली. केस ते केस.

होडी सरळ कड्याला जाऊन लागली. सरंगानं सगळ्यांना खजूर वाटले.

शुद्ध ९

तांदळाचं पोतं उघडलं. शिवण शाबूत, आत नुसतं खारं पाणी. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, सगळी तशीच. कप्तान माझ्यावर खेकसला, की चोरी तरी नीट करायची. पोत्यातून पाणी गळत कसं नाही, हे कुणीच विचारलं नाही.

शुद्ध १०

आज दारूची पिंपं. झाकणं घट्ट, आत पाणी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वखारीत मीच रोज सांगायचो, की नमुना पसंत पडला की सौदा झाला, गिऱ्हाईक सगळा माल उचलणार. सरंगाला केसांचं खरं सांगितलं. तो म्हणाला, की पिढ्यान्‌पिढ्या चिमूटभर देत आलो, कधी कुणी उचलायला आलं नाही. पण माणसाचा नमुना आजवर कुणी घातला नव्हता, केस घाल म्हणणारा मीच शहाणा निघालो.

शुद्ध ११

वेलजीला माझ्या कमरेशी दोरानं बांधलंय. कारण सांगितलं नाही. तो चेष्टा करतो, की मोटाभाईनं बैल पाळलाय. तोंड सारखं खारट लागतंय म्हणाला. हात धरला — गार, ओला. मी फार घाबरलोय.

शुद्ध १२

भर दुपारी. शेजारीच बसला होता, बोलत होता — दोराची गाठ तशीच. अंगरखा तसाच, बंद बांधलेले. आत पाणी —

सरंग म्हणतो, की आता सौदा पुरा झाला, तू सुटलास. त्याला व्यापार कळत नाही. नमुना एका नगाचा नसतो, अख्ख्या ढिगाचा असतो. एका रक्ताचे — वेलजी, मी — मांडवीत आई —

कुणीतरी तिला कळवा. किनारा सोड म्हणावं, आजच्या आज आत भुजकडे — माझी बोटं — कागद भिजतोय, शाई — आईला सांगा, की पाण्याजव