पडद्यावर नसलेले वाक्य

१२ फेब्रुवारी १९२८
काल मिश्रीलालच्या तंबूत पुन्हा सिनेमा वाचला. पडद्यावर इंग्रजी ओळी येतात. त्या मी बाजूला उभे राहून मराठीत मोठ्याने सांगायच्या. वकील मंडळींना कमीपणा वाटतो, म्हणून शाळामास्तर.

आफ्रिकेतले जंगल. आफ्रिकेत वाघ! पण पडद्यावरच्या ओळींत जे असेल तेच वाचायचे, हा माझा नियम. शेवटी मगर. साहेब पाण्यात उडी घेतो, तिच्याशी झोंबतो, हसत बाहेर येतो. तिथे पडद्यावर एक अक्षर नाही. लोक ओरडू लागले, "मास्तर, सुटला कसा?" मिश्रीलाल कानाशी आला — "सांगा ना काई बी. लोक उठून राह्यले."

मी म्हणालो, मगरीचे डोळे दाबले की ती जबडा सोडते.

टाळ्या पडल्या. हे मी कुठेही वाचलेले नाही. मग बोललो का? टाळ्या हव्या होत्या — दुसरे कारण सापडत नाही.

१४ फेब्रुवारी
पैनगंगेच्या डोहातली मगर मी दोनदा पाहिली आहे. दुपारभर वाळूवर पडलेली, तोंड उघडे. बाया वरच्या अंगाला पाणी भरतात, तिच्या वाटेला जात नाहीत. पडद्यावरची मगर मात्र साहेबाचीच वाट पाहत असते. तिथली सगळीच जनावरे तशी — हरण्यापुरती आणलेली.

निदान वर्गात हे बोलायला हवे होते. बोललो नाही.

१९ फेब्रुवारी
नदीकाठचा जानराव बाजारात भेटला. त्याच्या गावच्या जगदेवचा बैल पाणी पिताना मगरीने तोंडाला धरला.

"आमी म्हटलं, जाऊ दे बैल. काठावरून दगडं मारत होतो. तो आयकेच ना. म्हणे, वाशीमच्या मास्तरनं सांगतलं, डोये दाबले का सोडते."

"मग?"

"सोडलं ना. बैलाले सोडलं."

जगदेव दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

 

२० फेब्रुवारी
मिश्रीलालला सांगितले, आता वाचणार नाही. तो म्हणाला, "तुमी काहून मनाले लावून घेता? फिलमनं दाखवलं, तुमी बोलले. जाऊन त्या साहेबाले इचारा."

दिवसभर याच बोलण्याला धरून बसलो. साहेब हसत बाहेर येताना पाहिला, म्हणून जगदेवला धीर आला असेल. नुसत्या माझ्या वाक्यावर कोण पाण्यात उतरेल? अर्धा दोष चित्राचा. अर्धा तरी.

२२ फेब्रुवारी
शाळा. काही लिहवत नाही.

२६ फेब्रुवारी
जगदेवच्या गावी जाऊन आलो. त्याची बायको गोजराबाई ओसरीवर बसली होती. बैल दारातच बांधलेला, तोंडावरच्या जखमेत हळद भरलेली. चारा खात होता.

मी उभ्यानेच सांगून टाकले — ते वाक्य पडद्यावर नव्हते. मी मनाचे जोडले. खरे की खोटे, मलाही ठाऊक नव्हते.

तिने बैलापुढे आणखी चारा सारला. मग म्हणाली, "उन्हाचे आले तुमी. पानी घ्या."

पाणी प्यालो. तिने रागावायला हवे होते, असे परतताना सारखे वाटत होते. म्हणजे माझे ओझे हलके झाले असते. तिच्या रागाचाही मला उपयोगच करून घ्यायचा होता.

२७ फेब्रुवारी
काल एक गोष्ट लिहायची टाळली. निघताना मी म्हणालो होतो, "बाई, ते चित्रच तसे आहे. पाहणारा कोणीही फसेल."

ती म्हणाली, "त्यानं कुठं पाह्यलं चित्र? आमी बाया आत बसलो. तो भाईर, बैलापाशी होता. कापडातून तुमचा आवाजच तेवढा आयकू ये."