बहिऱ्या मिस्त्रींनी ऐकलेली गाडी

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला कसा आहे? (तुम्ही 'झकास' म्हणाल, म्हणून खरं काय ते मामींनी कळवावं.) आम्ही मजेत आहोत आणि तुम्ही मोठ्या मनाने मला दिलेली तुमची बावीस वर्षांची एसयूव्हीही मजेत आहे. हे शेवटचं वाक्य लिहिण्याजोगं व्हायला तीन महिने लागले.

झालं असं, की गाडी आली त्या दिवसापासून मागच्या चाकांच्या मधोमध तेल गळायचं आणि वेग साठच्या पुढे गेला की पोटातून घुर्रघुर्र सुरू. अंगणातल्या फरशीवर रोज नवा डाग पाहून तुमच्या भाचेसुनेने निर्वाणीचं सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत गाडी सुधारली नाही तर भंगारवाल्याला बोलावणार. मामा, ज्या गाडीत मी तुमच्या शिव्या खात क्लच सोडायला शिकलो, ती किलोवर विकली जाणार म्हटल्यावर मला घास गोड लागेना. दोन गॅरेजवाल्यांनी ऑइल सील बदललं, पण आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. मीही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. रोज गाडीखाली पुठ्ठा अंथरून सकाळी डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारायचो. (असे सतरा पुठ्ठे तारखेनिशी जपलेत. हिला ते कपाटात सापडले, तेव्हा गळती नेमकी कुठे आहे ते आता समजलं म्हणाली.)

शेवटी शेजाऱ्यांनी बहिऱ्या मिस्त्रींकडे धाडलं. आवाज शोधायला बहिरा माणूस, ही मला थट्टाच वाटली; तरी त्यांना घरी घेऊन आलो. पण काय माणूस आहे, मामा! माझे पुठ्ठे पाहून न हसलेले ते एकटेच. एकेक नाकाशी धरून म्हणाले, "हे इंजिनाचं तेल नाही. मागच्या डिफ्रन्शियलचं आहे, मागची चाकं फिरवणाऱ्या गोळ्याचं. वास बघा." मग गाडीचं पोट धुऊन, पुसून, कोरडं करून त्यावर पावडर शिंपडली (डबा हिचा, परवानगी शून्य) आणि मला एक चक्कर मारायला लावलं. पावडर जिथे पहिल्यांदा भिजली तिथे बोट ठेवलं. नंतर चाकं अधांतरी राहतील अशी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, हिला स्टिअरिंगवर बसवून गिअर टाकायला सांगितलं आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक खालच्या लोखंडाला, दुसरं स्वतःच्या जबड्याला लावून डोळे मिटले. हाडाला कळतं ते कानाला कळत नाही म्हणे. मधल्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय हे त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं आणि ते बदलताच आवाज थांबला.

गळतीचं मूळ तर त्याहून भारी. डिफ्रन्शियलच्या डोक्यावर हवा बाहेर जायला करंगळीएवढी नळी असते, तीच बुजलेली. आत तापलेली हवा कोंडली की तेलाला सीलमधून ढकलते, मग सील कितीही बदला! मिस्त्रींनी खिळ्याने नळी मोकळी केली तेव्हा गाडीने सोडलेला सुस्कारा मी स्वतः ऐकला. आज वीस दिवस झाले, पुठ्ठा कोरडा. मी भारावून त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांना वाटलं मी पाना शोधतोय. त्यांनी तो काढून हातात दिला.

मामींना नमस्कार, छोटीला पापा.

तुमचा,
भाचा

ता. क. नळी कशाने बुजली होती ते लिहायचं राहिलं. काळ्या ऑइलपेंटने. तीन हात. गाडी मला देण्याआधी तुम्ही चार दिवस खाली उताणे पडून सगळं पोट रंगवलंत, ते मामींनी फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. मिस्त्रींना लिहून दाखवलं तर म्हणाले, ज्याने रंगवलं त्याने जीव लावून रंगवलंय. मला भरून आलं.

आणखी एक ता. क. त्या दिवशी स्टिअरिंगवर बसलेली ही अजून उतरलेली नाही. भंगारवाल्याचं नाव काढत नाही. रोज गाडी घेऊन कामावर जाते, मी बसने जातो. तुमची जुनी स्कूटर पडवीत पडून आहे ना? ती मला द्याल का? फक्त हात जोडून विनंती, रंग देऊ नका. आहे तश्शी पाठवा.