निळी होणारी काच

प्रिय धाकट्या,

आमच्या प्रयोगशाळेत बनवत होतो ती काच अखेर कामाला आली. दोन काचांमध्ये पातळ थर असतो. त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडला की काच निळी पडत जाते, उलटा सोडला की निवळते. ऐकायला सोपं, पण करताना आमच्या नाकी नऊ आले. कडा आधी गडद व्हायच्या, मधला भाग रेंगाळायचा. कधी निळेपणा जायचं नावच घ्यायचा नाही, शाई सांडल्यासारखे डाग राहायचे. आमचा वायरमन रोज म्हणायचा, "मॅडम, पडदा लावा आणि मोकळ्या व्हा." शेवटी मधला थर बदलला, प्रवाह हळूहळू वाढवत नेला, तेव्हा कुठे ती सगळीकडे सारखी रंगू लागली.

चाचणीसाठी राहतं घर हवं होतं. मी आईची खोली सुचवली. तिच्या डोळ्यांचं तुला ठाऊक नसेल. उजेड सोसत नाही, सुया टोचल्यासारखं होतं. खिडकीला जाड पडदा लावून ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. काच बसवायला आलेल्यांना तिने आधी हाकलूनच लावलं. मग बसवल्यावर बटण दाबून पाहिलं आणि बघतच राहिली. आता तिची खुर्ची तिथेच असते. समोरचा शिंपी कुणाशी भांडला, कुणाची सायकल पंक्चर झाली, सगळ्या बातम्या मला संध्याकाळी मिळतात. तुझा विषय मात्र ती काढत नाही. तू रागावून गेलास तेव्हापासून नाहीच.

गेल्या आठवड्यात मी घरी होते. भर दुपारी तिने काच पूर्ण पारदर्शक केली. मी धावत गेले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी पापणी मिटेना. रस्त्याने एक माणूस चालला होता, तुझ्यासारखाच एक खांदा पाडून. "अगं, निळ्यात चेहरा नीट कळत नाही," एवढंच म्हणाली. तो वळला. तुझ्यासारखा मुळीच नव्हता. तिने बटण दाबलं. काच गडद व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ मी तिच्या डोळ्यांवर हात धरला.

हे लिहायचं कारण म्हणजे, डॉक्टर सांगतात की नजर जाणार, इलाज नाही. वर्ष संपताना तिला माणसं ओळखू येतील की नाही, कुणी सांगू शकत नाही. तिला हे माहीत आहे. तुला बोलाव, असं ती म्हणालेली नाही, म्हणणारही नाही. मी म्हणतेय. ये. आलास की तिच्या अगदी जवळ, समोर बस. भांडायचं असलं तरी दोघं तिथेच बसून भांडा.

वाट बघणारी,
तुझीच ताई